छप्पर उतरवण्याआधी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

घराचे छप्पर बदलण्यासंबंधी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील बहुतेकांचा रोख कोणते कौल घ्यावे, कोणता पत्रा घ्यावा आणि कोणता रंग बरा, याकडे आहे. हे प्रश्न रास्तच आहेत. मात्र नवे छप्पर किती टिकेल हे वरच्या आच्छादनापेक्षा खालचा सांगाडा, सांधे आणि काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घेतलेल्या गोष्टी यांवर अधिक अवलंबून असते. एकदा जुने छप्पर उतरले की घरमालकाला विचार करायला उसंत मिळत नाही. डोक्यावर आकाश उघडे असताना जो निर्णय घ्यावा लागतो, तो बहुधा महाग पडतो. म्हणून या अंकात छप्पर उघडण्याआधी ठरवायच्या गोष्टींनाच जागा दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमचे कौलारू घर जुने आहे. दोन खोल्यांत पाणी ठिबकते. कंत्राटदाराने पाहणी करून सगळे छप्परच बदलावे लागेल असे सांगितले. दोन ठिकाणच्या गळतीसाठी एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : पाहणी करताना नेमके काय पाहिले, हे त्यांना आधी विचारा. माळ्यावर चढून वासे तपासले असतील तर त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. अंगणात उभे राहून वर नजर टाकली असेल तर नाही. पाणी ठिबकते तिथेच ते आत शिरते असे क्वचितच घडते. ते वरच्या बाजूला कुठेतरी शिरते, वाशाच्या किंवा त्यावर ठोकलेल्या आडव्या रीपेच्या कडेने उतरत येते आणि एखादा खिळा, गाठ किंवा जोड आडवा आला की तिथून खाली पडते. त्यामुळे डागाच्या थेट वरचे कौल बदलूनही गळती थांबत नाही, आणि मग छप्परच गेले असा समज होतो.

शोध घेण्याची रीत साधी आहे. कोरड्या दिवशी एकाने विजेरी घेऊन माळ्यावर बसावे आणि दुसऱ्याने भक्कम शिडीवरून, कौलांवर पाय न देता, रबरी नळीने पाणी सोडावे. सुरुवात वळचणीपासून करावी, एका पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटे पाणी पडू द्यावे आणि मगच थोडे वर सरकावे. आढ्यापासून सुरुवात केली तर वाहते पाणी खालचे सगळे सांधे भिजवते आणि दोष कोणत्या सांध्याचा हे कळत नाही. पाणी पावसासारखे वरून पडले पाहिजे, कारण खालून वर मारलेला झोत धडधाकट कौलांच्या खाचांतूनही आत जातो. माळ्यावरच्या माणसाने पहिला ओला ठिपका दिसताच खडूने खूण करावी. हा खटाटोप एका दुपारचा आहे, आणि पुष्कळदा दोष कौलांचा नसून छप्पर भिंतीला भिडते त्या जागेचा, धुराड्याभोवतालच्या जोडाचा किंवा दोन पाखी, म्हणजे छपराचे उतरते भाग, एकमेकांना मिळतात तिथल्या पन्हळीचा निघतो. असा दोष त्या भागापुरते काम करून दूर होतो.

आणखी एक शक्यता पत्र्याचे छप्पर असलेल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. पाऊस नसताना, थंड रात्रीनंतर पहाटे पाणी ठिबकत असेल तर ती गळती नव्हे. पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि घरातल्या हवेतील बाष्प त्याच्या खालच्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते. अशा घरात पत्रे बदलून काहीच साधणार नाही; माळ्यात हवा खेळती ठेवणे आणि पत्र्याखाली उष्णतारोधक थर देणे हाच त्यावरचा उपाय आहे.

छप्पर पूर्ण बदलणे केव्हा योग्य? बऱ्याच कौलांचे पापुद्रे सुटत असतील किंवा त्यांना रीपेवर अडकवणारे मागचे दात झिजले असतील तेव्हा. पत्रे जोडांवर आणि स्क्रूंच्या भोवती गंजून आरपार उजेड दिसत असेल तेव्हा. आणि मुख्य म्हणजे लाकूड गेले असेल तेव्हा. लाकडाची परीक्षा टोकदार स्क्रूड्रायव्हरने करावी. वासे भिंतीवर टेकतात ती जागा आणि वळचणीची टोके सर्वांत आधी कुजतात, कारण तिथे ओल दीर्घकाळ राहते. टोक जोर न लावता आत रुतले, किंवा ठोकल्यावर आवाज पोकळ आला, तर वाळवी किंवा कूज निश्चित समजावी. लाकडातील ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला अनुकूल परिस्थिती निर्माण होते. त्यामुळे कुजलेले लाकूड बदलताना ते भिजत का होते, याचाही बंदोबस्त करावा लागतो. तो केला नाही तर नवा वासाही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न : कौले काढून रंगीत पत्रे घालण्याचा विचार आहे. पत्रे हलके असल्यामुळे जुन्या वाशांवरचा भार कमी होईल, असे सर्वजण सांगतात. यात काही धोका आहे का?

उत्तर : भार कमी होतो हे खरे आहे आणि धोकाही तिथेच आहे. भाजक्या मातीच्या कौलांचे छप्पर दर चौरस मीटरला साधारण ४० ते ५० किलो भरते, ओले झाल्यावर आणखी जड होते. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला सुमारे ५ किलोच भरतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावरून चार-पाच टन वजन उतरते आणि त्याच्या जागी अर्धा टन येते.

आता वाऱ्याचा विचार करू. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका असतो, आणि वेग दीडपट होऊन ताशी १५० किलोमीटर झाला की तो १०० किलोच्याही पुढे जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. छपरावर हा दाब पुष्कळ ठिकाणी खाली न ढकलता वर ओढतो. आढे, कडा आणि विशेषतः कोपरे येथे ही ओढ सर्वांत जास्त असते. वळचणीला तर वरून ओढ आणि खालून धक्का असे दोन्ही बसते. जुन्या कौलारू घरातील वासे कित्येकदा भिंतीला बांधलेलेच नसतात, कौलांचे वजनच त्यांना जागेवर धरून ठेवते. ते वजन उतरवून त्याच सांगाड्यावर हलके पत्रे घट्ट स्क्रूने बसवले, तर वादळात पत्रा सुटणार नाही, पण पत्र्यासकट वासे उचलले जाण्याची शक्यता निर्माण होते.

म्हणून पत्रे घालायचे असतील तर पत्रा आडव्या पट्टीला, पट्टी वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला अशी पकड सलग आहे की नाही हे तपासून घ्या. वासा भिंतीवर टेकतो तिथे लोखंडी पट्टी किंवा भिंतीत खोल रोवलेला बोल्ट हवा. भिंतीच्या सर्वांत वरच्या थरात रोवलेला खिळा पुरेसा नाही. कडांना आणि कोपऱ्यांत स्क्रूंमधील अंतर मधल्या भागापेक्षा कमी ठेवावे लागते, ते दरपत्रकात लिहून घ्या. मला विचाराल तर पत्र्याच्या रंगावर जितकी चर्चा होते तिच्या चौथा हिस्सा चर्चा या पकडीवर झाली, तरी पुष्कळ छपरे वाचतील.

उलट बदल करणाऱ्यांनी, म्हणजे पत्रे काढून कौले घालू पाहणाऱ्यांनी, बांधकाम अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ५ किलोसाठी घातलेला सांगाडा दसपट भार पेलेल असे गृहीत धरता येत नाही. तो लगेच कोसळत नसला तरी वाकत जातो, आणि त्यामुळे कौलांच्या खाचा उघडतात. उताराचेही तसेच आहे. कौलांना पाणी झटकन खाली सोडणारा चांगला उतार लागतो. पत्र्याच्या सौम्य उतारावर कौले घातली तर वाऱ्याने मागे ढकललेले पाणी सांध्यांतून आत येते.

प्रश्न : एकाच घरासाठी तीन कंत्राटदारांनी छपराचे क्षेत्रफळ अनुक्रमे ८०, ९९ आणि ११४ चौरस मीटर लिहून दिले आहे. घर १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. कोण खोटे बोलत आहे?

उत्तर : आपण कळवलेल्या मापांवरून पाहता बहुधा कोणीच खोटे बोलत नाही, तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. पहिल्याने भिंतीच्या बाहेरून बाहेरपर्यंतची जमीन मोजली, ती १० गुणिले ८ म्हणजे ८०. दुसऱ्याने चारही बाजूंना अर्धा मीटर पुढे आलेली वळचण धरली, त्यामुळे ११ गुणिले ९ म्हणजे ९९. तिसऱ्याने त्यावर उतारही हिशोबात घेतला. छप्पर तिरपे असल्यामुळे त्याची खरी पृष्ठभूमी खालच्या जमिनीपेक्षा मोठी असते : २० अंशांच्या उताराला सुमारे ६ टक्के, ३० अंशांना साडेपंधरा टक्के आणि ४५ अंशांना तब्बल ४१ टक्के अधिक. ९९ ला १.१५५ ने गुणले की ११४ येतात, म्हणजे तिसऱ्याने आपल्या छपराचा उतार ३० अंश धरला आहे. सामान याहूनही थोडे जास्त लागेल, कारण एकावर एक चढणारा भाग आणि कापताना वाया जाणारे तुकडे त्यात धरलेले नाहीत.

आता धोका कसा आहे तो पाहा. ज्याने ८० लिहिले आहे त्याचा एकूण आकडा सर्वांत कमी दिसेल आणि काम अर्ध्यावर आल्यावर ‘क्षेत्रफळ वाढले’ म्हणून जादा मागणी होईल. म्हणून तिघांनाही सांगा की मोजणी प्रत्यक्ष पाख्यावरची, वळचणीसह, आपल्यासमोर करावी आणि दर त्याच मोजणीवर द्यावा. तेव्हाच तीन दरांची तुलना करता येईल.

क्षेत्रफळाइतकीच वादाची दुसरी जागा लाकडाची असते. जुने छप्पर उतरल्याशिवाय किती वासे आणि किती रीपा बदलाव्या लागतील हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि प्रामाणिक कंत्राटदार तसे स्पष्ट सांगतो. परंतु दर मात्र आधी सांगता येतो. अमुक जाडीचा वासा बदलल्यास दर मीटरला इतके, अमुक रीप बदलल्यास दर मीटरला इतके, असे लिहून घ्यावे, आणि बदलायचे प्रत्येक लाकूड काढण्याआधी आपल्याला दाखवून, छायाचित्र काढून, मगच बदलायचे अशी अट घालावी.

याशिवाय करारात काय असावे? आच्छादनाचा प्रकार, जाडी आणि लेप. खालच्या पाणरोधक थराचे नाव. भिंतीलगतच्या, धुराड्याभोवतीच्या आणि पन्हळीच्या पट्ट्या नव्या घालायच्या की जुन्याच वापरायच्या. जुना माल कोण उचलणार आणि तो कोणाचा. परांची, ताडपत्री आणि कामगारांचा विमा कोणाकडे. स्थानिक प्रशासनाची परवानगी लागत असेल तर ती कोण आणणार. आणि पैसे कोणत्या टप्प्याला किती. या यादीतील जुन्या पट्ट्यांच्या मुद्द्यावर मी आग्रही आहे. कारागीर ज्यांना फ्लॅशिंग म्हणतात त्या पट्ट्या पुन्हा वापरून होणारी बचत एकूण खर्चात नगण्य असते, आणि नव्या छपरातून पहिली गळती बहुधा तिथूनच सुरू होते. भिंतीलगतची पट्टी भिंतीत खाच पाडून आत वळवलेली असावी. ती भिंतीला नुसती टेकवून वर सिलिकॉनची रेघ ओढली असेल, तर ऊन-पावसात ती रेघ सुटते आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी थेट पट्टीमागे जाते.

प्रश्न : आमच्या घरावर फार जुने सिमेंटचे पत्रे आहेत. ते फोडून खाली टाकायचे आणि भरावासाठी वापरायचे, असे काम करणारे म्हणतात. हे ठीक आहे का?

उत्तर : नाही, आणि हे काम आजच थांबवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बळकटीसाठी अॅस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असण्याची दाट शक्यता असते. अशा पत्र्यात त्यांचे प्रमाण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना माणसात कर्करोग निर्माण करणारे पदार्थ मानते. पत्रा अखंड आणि सुस्थितीत असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. तो फोडला, कापला, छिद्र पाडले, घासला किंवा जोराच्या पाण्याने धुतला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात, आणि श्वासाबरोबर आत गेलेले तंतू फुप्फुसांत व त्यांच्या आवरणात वर्षानुवर्षे राहतात. आजार दिसायला कित्येक दशके लागतात, म्हणूनच काम करणाऱ्यांना आज काहीच होत नाही असे वाटते.

आपल्या भागात असे पत्रे काढण्यासाठी परवानाधारक संस्थांचा नियम असेल तर काम त्यांनाच द्यावे. पत्र्यात अॅस्बेस्टॉस आहे की नाही हे केवळ पाहून कळत नाही. ते प्रयोगशाळेत तपासावे लागते, आणि तपासणी होईपर्यंत आहे असेच समजून वागावे. काढताना पत्रे पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ओले ठेवावेत, स्क्रू किंवा हूक सोडवून पत्रा अखंड उतरवावा आणि दोघांनी हातोहात खाली द्यावा, वरून टाकू नये. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, त्यावर खूण करून, स्थानिक प्रशासन सांगेल त्या जागीच तो पाठवावा. भरावासाठी, कुंपणासाठी किंवा गोठ्यासाठी त्याचा पुन्हा वापर करू नये. तोंडाला बांधलेला रुमाल या तंतूंना अडवत नाही. सूक्ष्म कणांसाठी प्रमाणित आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्कच लागतो. पडलेली धूळ कोरड्या झाडूने किंवा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने काढू नये, ओल्या फडक्याने टिपून ते फडकेही गुंडाळून टाकावे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. मुले आणि घरातील इतर माणसे त्या काळात दुसरीकडे राहिलेली बरी.

या पत्र्यांचा आणखी एक धोका तात्काळ जीव घेणारा आहे. जुना सिमेंटचा पत्रा ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. अशा छपरावर कोणीही थेट पाय देऊ नये. आधारांवर टेकलेल्या फळ्या, अंगाला सुरक्षा पट्टा आणि खाली जाळी यांशिवाय काम करू देऊ नये. प्रकाशासाठी बसवलेल्या पारदर्शक तुकड्यांचेही तसेच असते. रंग लावल्यावर ते ओळखूही येत नाहीत.

प्रश्न : जुन्या पत्र्यांवरच नवे पत्रे बसवले तर उतरवण्याचा खर्च वाचेल का?

उत्तर : खर्च वाचेल, पण खाली काय कुजले आहे हे पाहण्याची एकमेव संधीही जाईल. शिवाय दोन पत्र्यांच्या मध्ये ओल कोंडून दोन्ही गंजतात आणि नव्या स्क्रूंची पकड जुन्या, कदाचित कमकुवत झालेल्या पट्ट्यांवरच राहते. खालचा सांगाडा उघडून तपासता येत असेल आणि मधे हवेला वाट ठेवली असेल तरच याचा विचार व्हावा. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत नवी छिद्रे पाडावी लागतात, म्हणून तिथे हा विचारच सोडून द्यावा.

प्रश्न : पत्रा घेताना दुकानदाराला कोणते प्रश्न विचारावेत? सगळे पत्रे सारखेच दिसतात.

उत्तर : जाडी सांगताना ती मूळ धातूची की लेप आणि रंगासह, हे विचारा, दोन पत्र्यांवर आकडा एकच असला तरी पोलाद कमी-जास्त असू शकते. दुसरा प्रश्न लेपाचा आहे. नुसत्या जस्ताचा लेप असेल तर तो दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे पत्र्याच्या पट्ट्यावर किंवा प्रमाणपत्रावर छापलेले असते. १२० आणि २७५ ग्रॅम, दोन्ही बाजू मिळून, ही नेहमी आढळणारी मापे आहेत, आणि दमट किंवा खाऱ्या हवेत या दोहोंच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. अॅल्युमिनियम व जस्त यांच्या मिश्र लेपात सुमारे ५५ टक्के अॅल्युमिनियम असते आणि तो साध्या जस्तापेक्षा सामान्यतः अधिक टिकतो. मात्र ओल्या सिमेंटचा गिलावा त्याला खातो. म्हणून भिंतीलगत पत्र्यावर थेट सिमेंट थापू देऊ नये. तांब्याच्या नळीवरून किंवा पट्टीवरून येणारे पाणीही जस्त आणि अॅल्युमिनियम यांच्यावर पडता कामा नये.

स्क्रूंकडे लोकांचे लक्ष जात नाही, पण पत्र्याआधी निकामी होतो तो स्क्रूचा रबरी वॉशर. पोलादाचा ६ मीटर लांब पत्रा तापमान ४० अंशांनी बदलले की सुमारे ३ मिलिमीटर लांब-आखूड होतो, अॅल्युमिनियमचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. ही हालचाल दररोज होते आणि तिचा सगळा ताण स्क्रूच्या भोकावर येतो. वॉशर किंचित दबलेला दिसला की स्क्रू थांबवायचा असतो. रबर चेपून बाहेर फुगेपर्यंत आवळला तर ते फाटते, आणि तिरपा बसला तर एका बाजूने पाण्याला वाट राहते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर घ्यायचा की सपाट भागात, हे पत्र्याच्या आकारावर ठरते, म्हणून उत्पादकाची सूचना मागून घ्यावी आणि तीच पाळायला लावावी.

एक गोष्ट मात्र स्वतः रोज संध्याकाळी पाहावी. छिद्रे पाडताना आणि पत्रे कापताना लोखंडाचा बारीक, चमकणारा भुसा पत्र्यावर पडतो. तो तसाच राहिला आणि रात्री दव पडले की तांबूस डाग उमटतात. काही दिवसांत तिथला लेप खराब होऊन नव्या कोऱ्या पत्र्यावर गंजाचे ठिपके दिसू लागतात. मऊ झाडूने हा भुसा त्याच दिवशी काढायचा, एवढीच खबरदारी लागते. ठिणग्या उडवणाऱ्या चकतीने पत्रा छपरावर कापू देऊ नये, कारण तापलेले कण रंगात रुततात आणि कापलेल्या कडेचा लेप जळून जातो. कात्रीने किंवा त्यासाठीच असलेल्या यंत्राने खाली कापून मग वर न्यावा.

प्रश्न : छपराखालची खोली उन्हाळ्यात तापते. छप्पर बदलताना यावर काही करता येईल का?

उत्तर : हीच योग्य वेळ आहे, कारण नंतर हेच काम आतून करणे त्रासाचे आणि महाग पडते. गडद छप्पर कडक उन्हात ६५ अंशांच्याही वर तापू शकते. उष्णता परावर्तित करणारे फिकट छप्पर त्याच उन्हात त्याहून २५ अंश किंवा अधिक थंड राहू शकते. फिकट रंग निवडणे हा म्हणूनच सर्वांत स्वस्त उपाय आहे, धूळ बसली की त्याचा गुण काहीसा कमी होतो एवढे लक्षात ठेवावे. त्याच्या जोडीला माळ्यात हवा खेळती हवी. वळचणीतून थंड हवा आत आणि आढ्याजवळून गरम हवा बाहेर, अशी वाट ठेवावी. माळ्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे १/१५० इतकी एकूण उघडी जागा हे ठोकताळ्याचे माप आहे. जाळी बसवायला विसरू नये. परावर्तक कागदाची चकाकती बाजूच पत्र्याला चिकटवून काही उपयोग होत नाही, त्या बाजूसमोर मोकळी हवा लागते.

प्रश्न : पुढेमागे सौर पॅनेल बसवायचे आहेत. आत्ताच काही ठरवावे का?

उत्तर : अवश्य. पॅनेल पंचवीस वर्षांच्या आसपास चालतात, म्हणून त्यांच्याखालचे छप्परही तेवढे टिकणारे असावे. नाहीतर मध्येच सगळे उतरवून पुन्हा बसवावे लागते. आधारासह त्यांचे वजन दर चौरस मीटरला साधारण १० ते १५ किलो असते आणि वाऱ्याची ओढ त्याहून अधिक. त्यांचे आधार कोणत्या वाशांवर येणार, हे आताच ठरवून ते वासे मजबूत करून घ्यावेत आणि त्यांच्या जागा नकाशावर टिपून ठेवाव्यात.

प्रश्न : काम चालू असताना घरात राहता येईल का? मध्येच पाऊस आला तर काय करायचे?

उत्तर : बहुतेक घरांत राहता येते, फक्त ज्या भागावर काम चालू आहे त्याच्या खालच्या खोलीत कोणी थांबू नये. एका वेळी एकच पाखे, आणि तेही संध्याकाळपर्यंत झाकता येईल एवढेच उघडायचे, ही अट करारात घाला. सगळे छप्पर एकदम उतरवले की काम लवकर होते, हे कंत्राटदाराचे म्हणणे त्याच्या वेळापत्रकासाठी खरे असेल; आपल्या घरासाठी नाही. एका मिलिमीटर पावसात १०० चौरस मीटरवर १०० लिटर पाणी पडते. तासात ५० मिलिमीटर पडला तर उघड्या घरात ५,००० लिटर येईल. ताडपत्री म्हणूनच काम सुरू होण्याआधी घरी आलेली असावी, आढ्याच्या पलीकडपर्यंत पोहोचेल एवढी मोठी असावी आणि कडेला वजन ठेवून नव्हे तर पट्ट्या ठोकून बांधता यावी. हाच हिशोब पन्हळी आणि उतरत्या नळ्या यांनाही लागू आहे. नवे छप्पर जुन्याच अरुंद पन्हळीत पाणी सोडणार असेल तर ते वळचणीवरून भिंतीवर येईल. शेजाऱ्याच्या हद्दीत पडले तर वाद वेगळा.

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी माळा रिकामा करा, उरलेले सामान झाका, भिंतींवर आधीच असलेल्या तड्यांची तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढा, कारण ठोकाठोकीने नवे तडे गेले की जुने कोणते हे सांगता येत नाही. छपरातून गेलेल्या विजेच्या तारा वीजतंत्रज्ञाकडून आधीच दाखवून घ्या. वळचणीत पक्ष्यांची घरटी किंवा माळ्यात वटवाघळे असतील तर पिले उडेपर्यंत काम पुढे ढकला. अनेक देशांत त्यांना कायद्याचे संरक्षण आहे.

प्रश्न : कंत्राटदार ‘वीस वर्षांची गॅरंटी’ देतो. त्यावर किती विसंबावे? आणि शेवटचा हप्ता कधी द्यावा?

उत्तर : ती गॅरंटी कोणाची, हे आधी पाहा. मालाची हमी उत्पादक देतो आणि ती बहुधा लेप, रंग किंवा आरपार गंजण्यापुरती असते. पत्रा बदलून मिळेल, पण तो उतरवण्याची व बसवण्याची मजुरी तिच्यात नसू शकते, आणि वर्षे सरतील तशी भरपाईही घटत जाते. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे बसवले नसेल तर ती मुळातच रद्द होते. कामाची हमी कंत्राटदार देतो, आणि गळतीचे बहुतेक प्रसंग याच दुसऱ्या हमीत येतात. तिची मुदत किती, गळती कळवल्यावर किती दिवसांत येऊन पाहणार, आणि आतील छताचे व सामानाचे नुकसान भरून देणार का, हे तिन्ही मुद्दे लेखी हवेत. तोंडी सांगितलेली वीस वर्षे आणि लिहून दिलेली तीन वर्षे यांत मी तीन वर्षांची हमी निवडीन.

शेवटचा हप्ता इतका मोठा ठेवा की त्यासाठी कंत्राटदाराला परत यावेसे वाटेल, आणि तो पहिल्या जोराच्या पावसानंतर किंवा तो लवकर येणार नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे नळीने पाणी सोडून पाहिल्यानंतर द्या. त्याआधी एकदा भर दुपारी माळ्यावर दिवा न लावता बसा. डोळे अंधाराला सरावले की जिथून उजेड आत येतो त्या जागा आपोआप दिसतात. हवेसाठी ठेवलेल्या वाटा सोडून बाकी सर्व जागा दाखवून बंद करून घ्या. पन्हळींत राहिलेले तुकडे, स्क्रू आणि भुसा काढायला लावा आणि पाणरोधक थर झाकण्याआधी काढलेली छायाचित्रे मागून घ्या. मालाची बिले व पत्र्यावरच्या छापाचे छायाचित्र करारासोबत ठेवा. कौले असतील तर उरलेली वीस-पंचवीस कौले परत देऊ नका, कारण काही वर्षांनी त्याच साच्याचे कौल मिळेनासे होते आणि दुसऱ्या साच्याचे कौल जुन्यांच्या खाचेत नीट बसत नाही.